काडतुसांच्या जुन्या खोक्यांचा कालनिर्णय

बंदुकीची काडतुसे ज्यांतून विकली जात ती पुठ्ठ्याची खोकी कोणत्या काळातली, हे ठरवण्याची संग्राहकांची पद्धत. लष्करी पेट्याही तिच्या कक्षेत येतात. तथापि येथे मुख्यतः अमेरिकी व्यापारी खोक्यांचा विचार केला आहे.

व्यापारी खोक्यावर उत्पादनाचे वर्ष सहसा छापलेले नसते. त्यामुळे त्यावरील सर्वांत उशिराची खूण शोधून ‘याआधीचे नव्हे’ एवढी मर्यादा आखतात. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये बाजारात आले; त्याचे नाव असलेले खोके अर्थातच त्याआधीचे नसते. लेबलवरील पेटंटच्या तारखेचाही उपयोग एवढाच. तीच तारीख पुढे अनेक वर्षे छापली जाई, म्हणून तिला उत्पादनाचे वर्ष मानणे चूक ठरते.

कंपनीचे नाव ही सर्वांत उपयुक्त आणि तितकीच वादग्रस्त खूण होय. युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी (यूएमसी) १८६७ मध्ये अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे स्थापन झाली. तिचे संस्थापक मार्सेलस हार्टली यांच्या पेढीने १८८८ मध्ये बंदुका बनवणाऱ्या विंचेस्टर कंपनीच्या भागीदारीत रेमिंग्टन ही बंदूक कंपनी विकत घेतली. विंचेस्टरने पुढे आपला वाटा सोडला. मालकी अशी आधीच एका घराण्याकडे आल्यामुळे ‘रेमिंग्टन-यूएमसी’ हे जोडनाव नेमके केव्हापासून धरावे, यावर मतभेद आहेत. १९१० ते १९१२ यांपैकी निरनिराळी वर्षे दिली जातात. कागदोपत्री विलीनीकरणापेक्षा लेबलवर प्रत्यक्ष दिसणारे नाव महत्त्वाचे मानले, तर ‘सुमारे १९११’ म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. शिल्लक लेबले संपेपर्यंत वापरली गेली असण्याचा संभव असल्याने केवळ जुन्या नावावरून ‘यानंतरचे नव्हे’ ही वरची मर्यादा काटेकोरपणे आखता येत नाही.

विंचेस्टरबाबत गुंतागुंत कमी आहे. ही कंपनी डिसेंबर १९३१ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिजने घेतली. ‘ऑलिन मॅथिसन’ हे तिच्या नंतरच्या मालक कंपनीचे नाव असल्यास खोके साधारणपणे १९५४ ते १९६९ या काळातील असते.

पत्त्यातील पाच अंकी झिप क्रमांक (अमेरिकी पिनकोड) १९६३ नंतरचा. पट्टीदार बारकोड १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढचा. झाकण व तळ वेगळे असलेली दोन भागांची खोकी सामान्यतः एकसंध घडीच्या खोक्यांपेक्षा जुनी. पण हा बदल सर्वत्र एकाच वेळी झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धकाळातील जर्मन लष्करी लेबलांवर दारू, गोळी, पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) आणि टोपी (दारू पेटवणारा भाग) यांच्या उत्पादन-खेपांची, तसेच काडतूस भरल्याची वर्षे स्वतंत्रपणे दिलेली आढळतात. पुंगळीवर १९४० आणि भरणीवर १९४१ असेल, तर खोके १९४१ चे धरावे.

आतील काडतुसांवरून खोक्याचे वय काढू नये; ती नंतर भरलेली असू शकतात. बनावट लेबलाची शंका आल्यास अतिनील दिवा धरतात. चमक आणणारी द्रव्ये कागदात साधारण १९५० पासून सर्रास वापरली जाऊ लागल्याने, त्याआधीचे म्हणून दाखवलेले लेबल निळसर पांढरे उजळले तर ते संशयास्पद ठरते. ते उजळले नाही, तरी अस्सलपणा सिद्ध होत नाही.