आरेतले आदिवासी 'अतिक्रमणवाले'? अजिबात नाही

मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रो कारशेड (गाड्या ठेवायचा डेपो) करण्याच्या वादापासून एक मेसेज फिरतोय की आरेतल्या आदिवासींनी सरकारी जमीन बळकावलीय. साफ चूक आहे हे! गोरेगावची आरे मिल्क कॉलनी झाली १९४९ ला, आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी लोकांचे पाडे तिथे त्याच्याही आधीपासून आहेत, भातशेती करत, वाघोबाला पुजत, म्हणजे शहर त्यांच्याकडे चालत आलं, ते शहरात घुसले नाहीत. दुसरं, जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ शहरात चालत नाही असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, जंगल जमीन असेल तर दावा करता येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी रातोरात तोड सुरू करून दोन-तीन दिवसांत दोन हजारांवर झाडं तोडली तेव्हा पाड्यातल्या बायका-पोरं पुढे होती, नुसते बाहेरचे पर्यावरणवाले नव्हते. तो मेसेज आला की प्लीज फॉरवर्ड करू नका, पाठवणाऱ्याला हेच सांगा.