संग्रहालय दाराबाहेर कसे पडले

इतिहासाच्या संग्रहालयाने शाळांशी करार करावेत, वस्त्यांमध्ये प्रदर्शने न्यावीत, रेडिओवर आणि इंटरनेटवर दिसावे, हे आज गृहीतच धरले जाते. सुरुवातीला मात्र लोक आत येणे हीच संग्रहालयांची डोकेदुखी होती.

ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले आणि १५ जानेवारी १७५९ रोजी उघडले. प्रवेश फुकट होता. पण आधी लेखी अर्ज करायचा, मंजुरी मिळाली की तिकीट घ्यायचे आणि नेमून दिलेल्या वेळी गटानेच फिरायचे, असा सारा द्राविडी प्राणायाम. १७८४ मध्ये बर्मिंगहॅमचे पुस्तकविक्रेते विल्यम हटन यांनी दुसऱ्या कोणाकडून जवळपास दोन शिलिंगांना तिकीट विकत घेतले. दहाएक जणांच्या त्या गटाला वाटाड्याने असे पिटाळले की अर्ध्या तासात सगळे आटोपले. हटन यांनी वस्तूंविषयी विचारले, तर तो उखडला: इथली एकेक वस्तू मी सांगत बसू का, नावे लिहिलेली दिसत नाहीत? त्यानंतर गटात कुजबुजीपलीकडे कोणाचा आवाज निघाला नाही.

या अनुभवातून एक गोष्ट उघड होते. प्रवेश मोफत ठेवला म्हणून संग्रहालय सर्वांचे होत नाही. लंडनमध्येच सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी हे पुढे ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १८५७ मध्ये उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) गॅसचे दिवे होते. कारण साधे होते: दिवसभर कामावर असलेला माणूस संध्याकाळीच येऊ शकतो. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, याच संग्रहातल्या निवडक वस्तू खास बांधलेल्या रेल्वेच्या डब्यातून इतर शहरांत पाठवायला सुरुवात झाली होती. त्यातून वस्तू फिरवणारा स्वतंत्र विभागच उभा राहिला आणि थेट १९७७ पर्यंत टिकला. सरकारी खर्चकपातीत तो बंद पडला. संग्रहालयाच्या पैशांना कात्री लागली की बाहेर जाणाऱ्या कामावरच आधी गदा येते, हे काही त्या एकाच ठिकाणचे दुखणे नाही.

अमेरिकेत न्यूअर्कचे ग्रंथपाल जॉन कॉटन डेना यांनी १९०९ मध्ये संग्रहालय काढले ते ग्रंथपालाच्याच डोक्याने. पुस्तक वाचनालयाबाहेर जाते, तर वस्तू वर्गात का जाऊ नये? शाळांना वस्तू उसन्या देण्याची पद्धत तिथे रुजली.

तरीही काय पाठवायचे हे या सगळ्यात संग्रहालयच ठरवत होते. ते गणित बदलले वॉशिंग्टनमधल्या अ‍ॅनाकोस्टिया या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीत. अमेरिकेची राष्ट्रीय संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने १५ सप्टेंबर १९६७ रोजी तिथल्या एका जुन्या सिनेमागृहात छोटे संग्रहालय उघडले. शाखा पाहून वस्तीतले लोक मुख्य संग्रहालयांकडे वळतील, असा मूळ हिशेब होता. संचालक जॉन किनार्ड आणि परिसरातल्या रहिवाशांनी तो उलटा केला. मुलांच्या बोलण्यात उंदरांचा विषय यायचा. म्हणून १९६९ मध्ये प्रदर्शन भरले ते उंदरांवर, तेही जिवंत उंदीर ठेवून! माणसासोबत उंदीर कसा पसरला, वस्तीत तो का टिकतो, त्याचा बंदोबस्त कसा करायचा, हे त्यात होते. इतिहास, आरोग्य आणि नागरी गैरसोय एकाच दालनात आली. मला हा या सगळ्या वाटचालीतला खरा टप्पा वाटतो, कारण विषय लोकांकडून आला होता. १९७२ मध्ये चिलीतल्या सँटियागोमध्ये युनेस्कोने घेतलेल्या बैठकीतही संग्रहालयाने समाजाच्या प्रश्नांशी जोडून घ्यावे, हाच सूर होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचे डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम त्याच्याही पुढे गेले. वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये तो भाग गोऱ्यांसाठी राखीव केला आणि ६० हजारांहून अधिक लोकांना तिथून हुसकावले. १९९४ मध्ये एका चर्चच्या इमारतीत संग्रहालय सुरू झाले, तेव्हा जमिनीवर त्या भागाचा मोठा नकाशा अंथरला होता. जुने रहिवासी यायचे, आपली गल्ली शोधायचे आणि घर होते त्या जागी नाव लिहायचे. पाडापाडीत काढलेल्या रस्त्यांच्या पाट्याही तिथे लावल्या होत्या. इथे लोक पाहुणे नव्हते, पुरावा तेच देत होते.

संस्थांच्या आपसांतल्या भागीदाऱ्या याच सुमारास वाढल्या. स्मिथसोनियनने १९९६ पासून इतर संग्रहालयांना संलग्न करून घेत आपल्या वस्तू त्यांना दीर्घ मुदतीने द्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी यांनी १०० वस्तूंवर प्रत्येकी पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम केले. वस्तू न दाखवता तिच्याबद्दल बोलायचे, हे धाडसच म्हणायचे. पण त्या उपक्रमात देशभरातली शेकडो संग्रहालये सामील झाली आणि श्रोत्यांनाही आपापल्या वस्तू वेबसाइटवर टाकता आल्या. गूगलने २०११ मध्ये १७ संग्रहालये ऑनलाइन आणली. तिथे पोहोच अफाट असली, तरी निवड पुन्हा संग्रहालयाच्याच हाती राहिली.

निवड कोणी करायची यावरचे मतभेद मग थेट संग्रहालय म्हणजे काय, या व्याख्येपर्यंत गेले. संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद (आयकॉम) या जागतिक संघटनेत २०१९ मध्ये जपानमधल्या क्योटो इथे नव्या व्याख्येवर एकमत झाले नाही आणि मतदान पुढे ढकलावे लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथे व्याख्या मंजूर झाली. तिच्यात समुदायांचा सहभाग आणि सर्वांना खुले असणे या दोन्ही गोष्टी आल्या. हा सहभाग सल्ल्यापुरता ठेवायचा की निर्णयापर्यंत न्यायचा, हे मात्र त्या व्याख्येने ज्या त्या संग्रहालयावर सोडले आहे.