सिंकखालचं पाणी आणि इनक्युबेटरमधलं बाळ

प्रसूतिगृहात शिरल्या शिरल्या जंतुनाशकाचा उग्र वास आला आणि फरशी ओली, चकचकीत दिसली, की हे रुग्णालय स्वच्छ असं आपण धरून चालतो. बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्या बाबतीत हा अंदाज बराच चुकतो. फरशीवरचे जंतू आपण होऊन बाळापर्यंत जात नाहीत. जंतू पोचतात ते हातांवरून, नळ्यांतून, औषध भरलेल्या सिरिंजमधून. त्यांतल्या अनेकांचा मुक्काम पाण्यात असतो. सिंकच्या पाइपात साचलेलं पाणी, ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, घाईघाईत न पुसलेल्या हातावरचं पाणी: नवजात विभागात लक्ष ठेवायचं ते या ओलीवर.

स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, सेराशिया हे जिवाणू ओलीवर पोसतात. निरोगी मोठ्या माणसाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. बाळाचं तसं नसतं. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. 28 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ही शिदोरी पुरेशी न घेताच येतं. त्याच्या त्वचेचा वरचा थर इतका कोवळा असतो, की चिकटपट्टी जोरात ओढली तरी सोलवटतो. शिवाय सलाइनची नळी, दुधाची नळी, श्वासाची नळी, म्हणजे जंतूंना आयत्या वाटा.

आता सिंककडे वळू. जाळीच्या खाली पाइपला एक वळसा दिलेला असतो. गटारातला वायू वर येऊ नये म्हणून त्यात पाणी मुद्दाम साठू देतात. हा ट्रॅप. हे पाणी सहसा आटत नाही, कोमट राहतं आणि वरून अन्न मिळत राहतं. बाळाचं उरलेलं दूध, सलाइनमधलं ग्लुकोज, सिरिंज धुतलेलं पाणी, सगळं तिथेच जातं.

पाण्यात मोकळा पोहणारा जिवाणू पाइपच्या भिंतीला टेकला, की त्याच्या पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू वाढू लागतो. हा रेणू म्हणजे मुक्काम ठोकण्याचा हुकूम. पोहायची शेपटी बनवणं थांबतं आणि चिकट शर्करांचा लगदा बनवणं सुरू होतं. शेजारी आणखी पेशी येऊन चिकटतात. प्रत्येक पेशी काही संदेशरेणू बाहेर सोडते. वस्ती दाट झाली की त्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे जातं आणि साऱ्या पेशी एकदम आपल्या जनुकांचं काम बदलतात. स्यूडोमोनासमध्ये हे रेणू ॲसिल होमोसेरिन लॅक्टोन या गटातले असतात. अशी उभी राहते ती बायोफिल्म: पाण्याचे बारीक कालवे असलेला बुळबुळीत थर. जंतुनाशक ओतलं की क्लोरीन वरच्या लगद्याशीच अभिक्रिया करून संपतं, खालपर्यंत पोचतच नाही. तळाच्या काही पेशी तर निपचित पडलेल्या असतात. प्रतिजैविकं पेशीच्या चालू कारभारावर घाव घालतात, आणि यांचा कारभारच थंडावलेला असतो. म्हणून ड्रेनमध्ये ब्लीच ओतल्यावर चार दिवस बरं दिसतं आणि मग वस्ती पुन्हा उभी राहते.

पण ट्रॅप जाळीच्या बराच खाली असतो, तिथले जंतू वर येतात कसे? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये याचं उत्तर डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. त्यांनी रुग्णालयातल्यासारखी सिंक प्रयोगशाळेत बसवली आणि ट्रॅपमध्ये हिरवे चमकणारे ई. कोलाय जिवाणू सोडले. वरून नळ सोडला तरी ट्रॅपमधले जंतू उडून बाहेर आले नाहीत. मात्र सिंकमध्ये पोषक द्रव ओतत राहिल्यावर हिरवी बायोफिल्म पाइपच्या आतून दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर या वेगाने वर चढली. ती जाळीपर्यंत पोचली आणि मग नळाच्या धारेबरोबर शिंतोडे उडाले, ते थेट पाऊण मीटरपर्यंत. तेवढ्या अंतरात बाळाचं औषध भरायचं टेबल असेल तर काय होईल ते सांगायला नको.

उपाय यातूनच निघतात. हात धुण्याचं सिंक फक्त हात धुण्यासाठी. त्यात दूध, सलाइन, अंघोळीचं पाणी ओतायचं नाही आणि ब्रेस्ट पंपाचे भागही धुवायचे नाहीत. नळाची धार थेट जाळीवर पडू नये. औषध आणि दूध तयार करायची जागा सिंकपासून किमान एक मीटर दूर असावी किंवा मध्ये आडोसा असावा. नळाच्या तोंडाचाही भरवसा नसतो. 2011-12 च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमधल्या नवजात विभागांत स्यूडोमोनासची साथ पसरली आणि बाळं दगावली, तेव्हा नळांच्या आतल्या भागांत हा जंतू सापडला होता.

ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायर बाटलीत नळाचं पाणी कधीच घालू नये, निर्जंतुक पाणीच घालावं. पातळी उतरली म्हणून वरून भर घालणं ही सर्रास दिसणारी चूक. जुन्या पाण्यातले जंतू नव्या पाण्याला विरजणासारखे लागतात. बाटली रिकामी करायची, स्वच्छ करून कोरडी करायची, मगच भरायची, आणि हे रोज. इनक्युबेटरच्या पाण्याच्या टाकीलाही हाच नियम. बाळाच्या तोंडातला स्राव ओढायचा रबरी फुगा आतून ना दिसतो, ना घासता येतो, ना वाळतो. तो उघडून साफ करता येणारा असावा, नाहीतर एकदा वापरून टाकून द्यावा.

हातांची गोष्ट जुनी आहे. व्हिएन्नात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या प्रसूती विभागात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतिणींना तपासत. साबणाने धुतले तरी हातांचा वास जात नसे. 1847 च्या मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात 18 बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं.

आज अल्कोहोल हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कृतीत 80 टक्के इथेनॉल असतं. शंभर टक्के का नाही? कारण जंतूंची प्रथिनं उलगडून निकामी व्हायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल फार लवकर उडून जातं. पण हेच पाणी हातावर जास्त झालं तर घात होतो. ओल्या हातावर 2 मिलिलिटर पाणी असेल आणि त्यावर 3 मिलिलिटर हँडरब घेतलं, तर मिश्रण 48 टक्क्यांवर येतं, आणि 60 च्या खाली त्याचा भरवसा उरत नाही. म्हणून हात धुतले असतील तर आधी एकदाच वापरायच्या कागदाने कोरडे करायचे. सामायिक टॉवेल नको, तो स्वतःच ओला असतो. हँडरब 20 ते 30 सेकंद, पूर्ण वाळेपर्यंत चोळायचं. अंगठे आणि बोटांची टोकं नेमकी सुटतात. रक्त किंवा गर्भजल लागलं असेल तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद, कारण त्या प्रथिनांच्या आड जंतू सुखरूप राहतात. हातमोज्यांच्या आत त्वचा घामेजते, तिथले जंतू वाढतात, शिवाय मोज्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात. म्हणून मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचे.

हत्यारांबद्दल थोडक्यात. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गठ्ठा ओलसर निघाला तर तो निर्जंतुक धरायचा नाही. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत ओढले जातात. गठ्ठ्यावर चिकटवलेल्या टेपवरच्या पट्ट्या काळ्या पडल्या याचा अर्थ तो गठ्ठा उष्णतेतून गेला, इतकाच.

आणि ही सवय सगळ्यांनी मिळून मोडायला हवी: यंत्र लावून जंतुनाशकाच्या धुराने खोली भरून टाकणं, म्हणजे फॉगिंग. धूर पाइपच्या आत जात नाही आणि कुणाचे हातही धुवून देत नाही. ‘99.9 टक्के जंतू मरतात’ या दाव्याचाही हिशेब करून पाहा. 10 लाखांतले 1000 उरले आणि ओल व अन्न मिळून दर 20 मिनिटांनी दुप्पट झाले, तर साडेतीन तासांच्या आत पुन्हा 10 लाख.

नाळेचा उरलेला तुकडा हे ओल आणि कोरडेपणाचं सगळ्यात जवळचं उदाहरण. ती मृत होत जाणारी ऊती असते. वाळली तर जंतूंना पाणी मिळत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते. तिच्यावर राख, शेण, तेल किंवा कसलीही भुकटी लावू नये. माती आणि शेणात धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट, सुप्त रूपं असतात. लेप दिल्यावर आत हवा पोचत नाही, आणि प्राणवायू नसलेली जागाच त्या जिवाणूला मानवते. ‘पूर्वापार लावतात’ याने बीजाणू मरत नाहीत. जिथे असे लेप टळत नाहीत, तिथे त्याऐवजी 7.1 टक्के क्लोरहेक्सिडीन डायग्लुकोनेट हे जंतुनाशक लावावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण त्याची बाटली डोळ्यांच्या औषधासारखी दिसू शकते. ते चुकून डोळ्यांत घातल्याने बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आहे. तेव्हा ही बाटली वेगळी ठेवायची आणि दर वेळी नाव वाचूनच उघडायची.

घरी गेल्यावर लंगोट बेंबीच्या खाली दुमडा, म्हणजे नाळ लघवीने भिजणार नाही. बेंबीभोवतीची लाली कातडीवर पसरली, पू आला, बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाला, अंग 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम वा 35.5 पेक्षा थंड लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठा.