भारदस्त लिहिणं आणि ठाम लिहिणं

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे."

वाचताना दरारा वाटतो खरा. पण कार्यवाही कोण करतंय, नेमकी काय आणि कधीपर्यंत, यांतलं काहीच हाती लागत नाही. हे झालं भारदस्त लिहिणं. "लिफ्टची मोटर जळली आहे. नवी बुधवारी येईल, गुरुवारी संध्याकाळपर्यंत लिफ्ट सुरू होईल," हे झालं ठाम. त्यात एकही जड शब्द नाही, पण गुरुवारी लिफ्ट बंद दिसली तर जाब कोणाला विचारायचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच बहुतेकांना पहिलं वाक्य सोयीचं वाटत असावं.

हा भारदस्त सूर आपण उचलला शासन निर्णयांवरून, आणि उचलताना अर्धाच उचलला. जीआर नीट पाहा. वर विभागाचं नाव, क्रमांक, तारीख आणि आधीच्या निर्णयांचे संदर्भ. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" आणि खाली अधिकाऱ्याची सही. ही शेवटची ओळ शोभेची नव्हे; राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालल्याचं दिसलं पाहिजे, असं संविधानाचं कलम १६६ सांगतं. मधल्या "मान्यता देण्यात येत आहे"ला वजन येतं ते या सगळ्यामुळे. एखादा मॅनेजर किंवा सोसायटीचा सेक्रेटरी मधलं तेवढं वाक्य घेतो, आणि ते उसन्या कोटासारखं अंगावर लोंबत राहतं.

नकार देताना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. "आपली मागणी मान्य करता येत नाही" एवढं लिहून कागद परत पाठवणं भारदस्त वाटतं. २००५च्या माहिती अधिकार कायद्याला मात्र ते चालत नाही. अर्ज फेटाळायचा तर जन माहिती अधिकाऱ्याने नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचं, हे तिन्ही कळवायचं, असं कलम ७(८) म्हणतं. "तपास चालू आहे, ही कागदपत्रं दिल्यास त्यात अडथळा येईल, म्हणून कलम ८ खाली नाकारत आहे, ३० दिवसांत अमुक अधिकाऱ्यांकडे अपील करता येईल." आपल्या निर्णयाविरुद्धची वाट स्वतःच दाखवणारं हे उत्तर मला त्या कोरड्या नकारापेक्षा कितीतरी अधिकाराचं वाटतं.

खात्री नसेल तेव्हा काय? तेव्हा तर भारदस्त भाषा फारच कामाला येते: "लवकरात लवकर प्रयत्न केले जातील." ठाम माणूस खात्रीचं आणि बेभरवशाचं वेगळं करून लिहितो. "अहवाल शुक्रवारी देतो. बँकेचे आकडे बुधवारपर्यंत आले नाहीत, तर तेवढं एक प्रकरण सोमवारी जाईल." अनिश्चितता आहेच, पण ती कुठे आहे आणि किती, ते कळतं. 'कदाचित', 'शक्यतो', 'असे वाटते' हे शब्द वाईट नाहीत; ते एका ठरावीक गोष्टीला चिकटलेले हवेत, सगळ्या पत्रावर शिंपडलेले नकोत.

आणि ठाम म्हणजे खडूसही नव्हे. "कृपया १० तारखेपर्यंत ४,२०० रुपये भरावेत, ही विनंती. त्यानंतर पोटनियमांप्रमाणे व्याज लागेल." यातलं 'कृपया' काढलं तरी जोर वाढत नाही. तारीख आणि आकडा काढून बघा.