तारा निघाल्यावरचा रिटेनर : 'कायम घाला' हे सांगणं आलं कुठून?

दात सरळ करण्यासाठी लावलेल्या तारा काढल्या की डॉक्टर हातात रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, देतात आणि सांगतात, "रात्री कायम घालायचा." कायम म्हणजे किती दिवस, हे नांदेड-लातूरकडचे पालक हमखास विचारतात. पूर्वी सहा महिने ते वर्षभराची मुदत सांगण्याची पद्धत होती. ती का मोडली, हे समजलं की रिटेनर कंटाळून कपाटात पडत नाही.

काढता-घालता येणारी प्लेट अमेरिकेतल्या चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये मांडली. टाळूला चिकटून बसणारी पट्टी, पुढच्या दातांवरून एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत जाणारी तार आणि दाढांना धरणाऱ्या कड्या. तेव्हा पट्टी व्हल्कनाइट नावाच्या कडक रबराची असे. पुढे अ‍ॅक्रिलिक आलं. तार आज साधारण ०.७ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलची असते आणि सुळ्यांजवळचे तिचे वळसे दाबून डॉक्टर ती घट्ट-सैल करतात. शंभर वर्षांनंतरही 'प्लेट' म्हणून आपल्याकडे हीच ओळखली जाते.

हाड नव्या जागी पक्कं झालं की दात हलणार नाहीत, असा तेव्हाचा समज होता. तो दोन टप्प्यांत ढासळला. नॉर्वेच्या कारे राइटन यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मुळाभोवतीचे तंतू काही महिन्यांत नव्याने जुळतात, पण हिरडीतले तंतू ताणलेलेच राहतात. कुत्र्यांच्या फिरवलेल्या दातांत ते २३२ दिवसांनंतरही ताणलेले सापडले. वळलेला दात सरळ केल्यावर सगळ्यांत आधी तोच का फिरतो, त्याचं हे कारण. दुसरा धक्का सिएटलच्या रॉबर्ट लिटल यांच्या गटाने दिला. उपदाढा काढून उपचार झालेल्यांचे खालचे पुढचे दात त्यांनी वर्षानुवर्षं तपासले. रिटेनर थांबवून दहा वर्षं झालेल्यांत समाधानकारक रांग तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लोकांची उरली होती, आणि १९८८ च्या अहवालात वीस वर्षांनंतर ती सुमारे १० टक्क्यांवर आली. कोणाचे दात हलतील हे आधी ओळखताही येईना. जबडा वयानुसार बदलत राहतो आणि खालची रांग दाटते. तारा कधीच न लावलेल्यांचीही दाटते. 'कायम' हा शब्द इथून आला.

मग कायम घालता येईल असं काहीतरी हवं होतं. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटवायची युक्ती शोधली होती. तिच्यामुळे १९७० च्या दशकात दातांच्या मागे पक्की तार चिकटवणं शक्य झालं. आपल्या भागात इथे एक अडचण येते. किनवटसारख्या पट्ट्यांत पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या डागाळलेल्या दातांवर आम्ल नीट चढत नाही आणि तार वारंवार सुटते. बसवतानाच डॉक्टरांना गावाचं नाव सांगावं. तार एका दातावरून सुटली तरी बाकीच्यांवर टिकून राहते, म्हणून लक्षात येत नाही. तेवढ्यात तो दात सरकतो. आठवड्यातून एकदा आरशात पाहून तार चिकटवलेली प्रत्येक जागा जिभेने चाचपा. तारेखाली कीटण लवकर साचतं, तेव्हा रोज बारीक ब्रश किंवा फ्लॉस तारेखालून फिरवायलाच हवा.

पारदर्शक रिटेनरची वाट १९६४ मध्ये हेन्री नाहूम यांनी प्लास्टिकचा पत्रा तापवून निर्वात दाबाने दातांच्या साच्यावर (मॉडेलवर) बसवला तिथून सुरू होते. १९९३ मध्ये जॅक शेरिडन यांच्या एसिक्स पद्धतीने तो सर्वत्र पोहोचला. पत्रा साधारण १ मिलिमीटरचा. उष्णतेने आकार घेतलेलं प्लास्टिक उष्णतेनेच आकार सोडतं. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४४ वर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून तापतं. तिथे ठेवलेला किंवा गरम पाण्याने धुतलेला रिटेनर दिसायला ठीक असतो, पण दातांवर नीट बसत नाही. चहाही तो काढूनच प्यावा. हळदीने तो पिवळा पडतो आणि टूथपेस्टने त्यावर ओरखडे येतात. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि थंड पाणी एवढंच पुरतं.

बोअरच्या जड पाण्यामुळे रिटेनरवर पांढरा थर चढतो. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात १५-२० मिनिटं बुडवा, मग ब्रशने घासून धुवा. प्लेटच्या तारेला ब्लीच लावू नका, ती गंजते.

सुरुवातीचे तीन ते सहा महिने बहुतेक डॉक्टर जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ घालायला सांगतात, नंतर रात्री. काही जण पहिल्यापासून फक्त रात्रीच सांगतात. स्वतःच्या डॉक्टरांचं ऐकावं. चार दिवस चुकल्यावर रिटेनर आवळत असेल तर दात हलू लागले आहेत: सलग घाला. बसतच नसेल तर जोर करू नका, लगेच दाखवा.

लातूरला क्लासला राहणाऱ्या मुलांचे रिटेनर मेसमध्ये हरवतात. टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला उष्ट्याबरोबर जातो. डबी खिशातच हवी. आणि तारा काढताना घेतलेलं प्लास्टरचं मॉडेल डॉक्टरांकडून मागून घरी जपून ठेवा. रिटेनर हरवला आणि दात अजून हलले नसले, तर नवं माप न घेता त्याच मॉडेलवर दुसरा बनवता येतो.