उलगडा कोर्टातच का होतो?

रहस्यपटाची खरी मजा खुन्याचं नाव कळण्यापेक्षा, तो सुरुवातीपासून समोर असूनही आपल्याला कसा दिसला नाही हे कळण्यात असते. प्रेक्षकाशी असलेला हा करार छापील गोष्टींतून आला. १८४१ मध्ये एडगर ॲलन पो यांच्या कथेतला हेर दुपाँ नुसतं उत्तर देऊन थांबला नाही, आपण तिथवर कसे पोचलो तेही त्याने सविस्तर सांगितलं. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखक-धर्मगुरूंनी नियमच घालून दिले: गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटला पाहिजे, आणि हेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही.

पडद्यावर मात्र अडचण होती. उलगडा म्हणजे बोलणं, आणि ऐन शेवटी कुणी बोलतच राहिलं की ताण सैल पडतो. ‘द थिन मॅन’मध्ये (१९३४) सगळ्या संशयितांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं गेलं. त्याच वर्षी हॉलिवूडची निर्मिती संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, कडकपणे लागू झाली आणि गुन्हेगाराला शिक्षा होणं जवळपास सक्तीचं झालं. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) शेवटाकडे मानसोपचारतज्ज्ञ लांबलचक खुलासा करतो. मला तो प्रसंग नकोसा वाटतो, कारण त्याआधी कॅमेऱ्याने जे सांगितलंय त्याला एवढ्या शब्दांची गरजच नाही.

हिंदी-मराठीत यावर फार सुंदर तोड निघाली, ती म्हणजे कोर्ट. तिथे बोलणं हीच कृती असते. उलटतपासणीत एक चुकीचा शब्द गेला की सगळा डाव फिरतो, आणि साक्षीदार बोलू लागला की भूतकाळ सरळ डोळ्यांसमोर उभा करता येतो. नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या १९५९च्या प्रकरणाने मुंबईला खटल्याची चटक लावलीच होती. सुनावणीला कोर्टाबाहेर गर्दी लोटत असे. पाठोपाठ १९६० मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ आला, तोही एकही गाणं न घेता. वकिलाने ज्याला खून करताना पाहिलं, तोच न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसलेला! उलगडा इथे सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

रंगभूमीवरही हेच घडत होतं. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) एकेक साक्ष सुरू झाली की फिरता रंगमंच तो प्रसंग समोर आणायचा, आणि प्रभाकर पणशीकर नव्या वेषात, नव्या नावाने उभे राहायचे. आरोपी ठामपणे नाकारतोय आणि आपण त्याला ओळखतोय, यातला आनंद मराठी प्रेक्षकाने वर्षानुवर्षं घेतला.

मग १९६४ मध्ये राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. पत्नीच्या मृत्यूनंतर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई पकडली जाते आणि मी तुमचीच बायको, असं नवऱ्याला भर कोर्टात सांगते. घरातल्या, फक्त दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी ती बोलू लागते तेव्हा नवऱ्याइतकाच प्रेक्षकही हादरतो. खुनी कोण, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी जिव्हारी लागणारा आहे. याच कथेवर राज खोसलांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला.

अलीकडे ‘दृश्यम’ने ही वाट सोडली. जितू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तो हिंदीत आणला. यात खून आपल्यासमोरच होतो. प्रेताचं काय केलं, एवढंच झाकलेलं असतं. खटला उभाच राहत नाही आणि पोलीस हात हलवत परततात. खरं काय ते शेवटी फक्त प्रेक्षकाला सांगितलं जातं.