१९६५ चा पहिला क्रमांक कोणाचा? रेंटल, ग्रॉस आणि रोडशोचा हिशोब

साठच्या दशकाच्या मध्यातल्या चित्रपटांच्या अमेरिकी कमाईच्या याद्या चाळल्या, तर १९६५ साठी पहिल्या क्रमांकावर दोन वेगळी नावं सापडतात. काही ठिकाणी ‘द साउंड ऑफ म्युझिक’, तर त्या काळच्या व्यापारी साप्ताहिकाच्या वार्षिक यादीत ऑगस्ट १९६४ मध्ये लागलेला ‘मेरी पॉपिन्स’. पहिल्या प्रकारच्या यादीत त्या वर्षी लागलेल्या चित्रपटांची पुढची सगळी कमाई येते, दुसरीत त्या वर्षाच्या हिशोबात धरलेलं वितरकाचं उत्पन्न. एकीतला आकडा उचलून दुसरीत टाकला की घोळ सुरू होतो, आणि तो आजवर सर्रास चालू आहे.

१९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली आणि चित्रपटांची गठ्ठ्याने विक्री बंद झाली. प्रत्येक चित्रपटाचा सौदा थिएटरगणिक वेगळा ठरू लागला. त्यातच टीव्हीने दर आठवड्याचा प्रेक्षक नेला. मग मोजकेच, पण अवाढव्य चित्रपट काढायचे आणि ते रोडशो पद्धतीने लावायचे, हा मार्ग रुळला. एका शहरात बहुधा एकच थिएटर, दिवसाला एक-दोन खेळ, आरक्षित खुर्च्या, मध्यंतर, छापील कार्यक्रमपत्रिका, बहुतेकदा ७० मिमी प्रिंट आणि नेहमीपेक्षा चढं तिकीट. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ मार्च १९६५ मध्ये असाच लागला. वर्षअखेरीपर्यंत तो थोड्याच पडद्यांवर होता, म्हणून त्या वर्षाच्या यादीत तो दुसरा दिसतो. पैसा पुढच्या वर्षांतही येतच राहिला.

आता रेंटल. थिएटरने चित्रपट दाखवण्याबद्दल वितरकाला दिलेली रक्कम म्हणजे रेंटल. आपल्याकडचे वितरक ज्याला ‘शेअर’ म्हणतात, साधारण तोच आकडा. तिकीटखिडकीवर जमलेली एकूण रक्कम म्हणजे ग्रॉस. त्या काळच्या वार्षिक याद्या रेंटलच्या आणि फक्त अमेरिका-कॅनडाच्या असत. दहा लाख डॉलरच्या खालचा चित्रपट यादीत यायचाच नाही.

मोठ्या रोडशोचा सौदा ९०/१० चा असे. आधी थिएटरचा ठरलेला साप्ताहिक खर्च बाजूला काढायचा (यात थिएटरवाल्याचा थोडा नफाही मुरवलेला असे), मग उरलेल्याचे ९० टक्के वितरकाला. समजा आठवड्याची विक्री २०,००० डॉलर आणि ठरलेला खर्च ५,०००. उरले १५,०००; त्यातले १३,५०० वितरकाचे. म्हणजे विक्रीच्या साडेसदुसष्ट टक्के. तेवढीच विक्री ४० टक्क्यांच्या साध्या सौद्यात झाली, तर वितरकाला ८,०००. विक्री कोसळून ६,००० वर आली, की ९०/१० मध्ये वितरकाच्या वाट्याला जेमतेम ९०० उरतात. म्हणून करारात किमान टक्केवारीची अट घातली जाई.

पुढे ग्रॉसचे आकडे रूढ झाले, तेव्हा जुन्या याद्या ‘अद्ययावत’ करण्यासाठी अनेकांनी रेंटलला सरळ दोनने गुणलं. वरच्याच उदाहरणात १३,५०० चे २७,००० होतात, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीपेक्षा ७,००० जास्त. ८,००० चे १६,००० होतात, म्हणजे ४,००० कमी. रोडशो फुगतो आणि साधा चित्रपट आक्रसतो. क्रमवारीच बदलून टाकणारी ही चूक आहे. रेंटलचा आकडा रेंटल म्हणूनच छापावा. ज्याला ग्रॉस माहीत नाही त्याने तो तयार करू नये.

साल ठरवतानाही असाच गुंता होतो. ऑस्करच्या पात्रतेसाठी आणि नाताळच्या गर्दीसाठी मोठे चित्रपट डिसेंबरात लागत. ‘गोल्डफिंगर’ डिसेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कला लागला, पण पैसा १९६५ च्या खात्यात आला. ‘थंडरबॉल’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ डिसेंबर १९६५ चे. १९६६ च्या रेंटल यादीत तेच पहिले दोन. शिवाय नुकत्याच लागलेल्या चित्रपटापुढे छापलेली रक्कम हा पुष्कळदा अपेक्षित रेंटलचा अंदाज असे, आणि तो वितरकाकडूनच आलेला असे. पुढच्या वर्षांत आकडा वाढला तरी जुनी यादी तशीच राहायची.

यादीतला क्रमांक नफाही सांगत नाही. १९६३ चा अव्वल ‘क्लिओपात्रा’ तीन कोटी डॉलरहून जास्त खर्चून बनला होता. चित्रपटगृहांतून तो खर्च निघाला नाही; १९६६ मध्ये टीव्हीचे हक्क विकल्यावर कुठे तोंडमिळवणी झाली. तरीही ‘द साउंड ऑफ म्युझिक’चं यश पाहून स्टुडिओंनी प्रचंड खर्चाच्या संगीतिका हाती घेतल्या. ‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७), ‘स्टार!’ (१९६८) आणि ‘हॅलो, डॉली!’ (१९६९) तोट्यात गेल्या आणि सत्तरीच्या सुरुवातीला रोडशो पद्धत जवळपास संपली.

पुनःप्रदर्शनाचे पैसेही या हिशोबात मिसळलेले आहेत. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ने १९६६ मध्ये ‘गॉन विथ द विंड’चा सर्वाधिक कमाईचा विक्रम मोडला. पण १९३९ चा तो चित्रपट १९६७ मध्ये वरून-खालून कापून, ७० मिमीला फुगवून पुन्हा लावला गेला आणि काही वर्षांत परत पुढे गेला. सर्वकालीन यादीतल्या त्याच्या एकाच आकड्यात १९३९ ची आणि १९६७ ची तिकिटं सारख्याच डॉलरने मोजली आहेत.